मेहुणीचं लग्न मी घरी धुतलं

माझ्या मेहुणीचं एकाच नवऱ्याशी दोनदा लग्न लागलं. दुसऱ्यांदा लागलं ते माझ्यामुळे.

मी अमरावतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे आणि माझ्याकडे कॅमेरा होता. यातली एकच गोष्ट असती, तर काही बिघडलं नसतं! अकोल्याला कुमुदचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, तेव्हा मी सासऱ्यांना ऐटीत सांगितलं, "मामाजी, फोटोवाला सांगूच नका. मी रंगीत स्लाइड काढतो. भिंतीवर चादर लावून अख्खं लग्न सिनेमासारखं पाहू!" सासरे वकील. जन्मात कुणाच्या तोंडी शब्दावर विश्वास ठेवला नव्हता, माझ्यावर ठेवला.

लग्न मे महिन्यात झालं. मी छत्तीस फोटो काढले. अशी फिल्म धुवायला मुंबईला पाठवायची आणि मग महिना-दीड महिना पोस्टमनची वाट पाहायची, असा तेव्हाचा रिवाज. पण रसायनशास्त्राच्या प्राध्यापकानं फिल्म बाहेर धुवायला द्यावी? (हलवायानं शेजारच्या दुकानातून पेढे आणावेत, तसं!) मी घरी धुवायच्या रसायनांची पेटीच मागवली.

पेटीतल्या कागदावर बजावलं होतं : रसायनं चोवीस अंशांवरच हवीत. अमरावतीत, मे महिन्यात, चोवीस अंश! मी बर्फाची अर्धी लादी आणून घमेल्यात बाटल्या बुडवल्या, न्हाणीघराच्या फटी गोधड्यांनी बुजवल्या, अंधारात फिल्म डब्यात भरली आणि घामानं निथळत डबा हलवत बसलो. अर्ध्यावर ही फिल्म बाहेर काढून उजेडात धरायची असते. तो कृतीचाच भाग. मी दार उघडून ती दिव्यापुढे धरली आणि बायको किंचाळली.

"अवो, उजेड लागला ना!"

"लागायलाच पाहिजे."

"मंग सकाळपासून अंधारात कायले बसले होते?"

या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर आहे. ते मी देईपर्यंत ती निघून गेली होती.

शेवटचं रसायन झालं. फिल्म उचलून पाहतो, तर रंग थेट लग्नातले : कुमुदचा शालू हिरवागार, सासऱ्यांचा फेटा गुलाबी! आता फक्त साध्या पाण्यानं धुणं उरलं होतं. मी नळ सोडला. टाकी गच्चीवरची, लोखंडी. वेळ दुपारी दोनची. (साधं पाणी ते, त्याला कुठे थर्मामीटर लावायचं!) फिल्मवरचे रंग जिलेटिनच्या थरात असतात आणि जिलेटिन गरम पाण्यात विरघळतं, हे मी दरवर्षी वर्गात शिकवत होतो. आधी भटजी घसरले. मग व्याही. मग सप्तपदी. मी हातानं थोपवायला गेलो, तर नवरदेव माझ्या अंगठ्याला चिकटला! मिनिटभरात सगळं वऱ्हाड मोरीतून रवाना झालं आणि माझ्या हातात काचेसारखी कोरी पट्टी उरली.

रविवारी अकोल्याला गेलो, तर भिंतीवर चादर लागलेली, शेजारीपाजारी सतरंजीवर बसलेले. मी सगळ्यांसमोर कबुली दिली. माहेरी आलेल्या कुमुदचे डोळे भरून आले.

"भाऊजी, एकबी नाही?"

रागावली असती, तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात सासरे उठले. "पुरावा गेला ना? मंग फेरसुनावणी घेऊ! धामणगावले तार करा, नवरदेवाले बोलवा!"

'ताबडतोब या' अशी तार वाचून नवरदेव घाबराघुबरा धावत आला आणि आल्या-आल्या त्याच्या डोक्यावर बाशिंग चढलं. भटजींनी विचारलं, "मंत्र म्हणू, का नुसते ओठ हलवू?"

"ओठ हलवा," सासरे म्हणाले, "पण तोंड मोठं उघडा. फोटोत दिसलं पाहिजे!"

कॅमेरा त्यांनी बाजारातल्या फोटोवाल्याच्या हाती दिला होता. मी पुढे झालो, तर म्हणाले, "जावईबापू, तुमी फक्त अंतरपाट धरा. तो कापडाचा हाये, वितळत नाही."

ही फिल्म रजिस्टर पोस्टानं मुंबईला गेली आणि सुखरूप परत आली. प्रत्येक स्लाइडमध्ये मंडळी हसताहेत. पाठवणीत सासूबाईंना रडू फुटत नव्हतं आणि त्यांना पाहून कुमुद पोट धरून हसत होती. ती म्हणते, खरं लग्न तर हेच झालं.

मी फक्त एका स्लाइडमध्ये आहे. तिथेही कडेला कोपरापासून कापलेला. ती स्लाइड आली की कुमुद पाहुण्यांना हमखास थांबवते.

"अन् हा हात आमच्या भाऊजींचा. केमिस्ट्रीचे प्रोफेसर हायेत!"