भावाचा भांग

आमच्या शेजारचे कात्रीबुवा म्हणजे सलूनचे निवृत्त मालक. दुकानात त्यांची कात्री थांबे, जीभ थांबत नसे. आता घरात हूं म्हणायलाही कोणी नाही, म्हणून ते चित्राच्या खडूंशी बोलतात. मी भिंतीला कान लावतो असं लोक म्हणतात. खोटं आहे. भिंतच पातळ आहे.

बायको नाही, मूलबाळ नाही. होता तो एक थोरला भाऊ. दुकानात बत्तीस वर्षं दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी. गेल्या वर्षी तो गेला. त्याचा फोटो एकच, लग्नातला, तोही नेमके डोळे मिटलेला. वहिनी सहज म्हणाली, "भिंतीवर लावायला यांचं धड चित्र नाही." झालं! सत्तरीत बुवांनी चित्रकलेचा वर्ग लावला.

नातीच्या वयाच्या बाईंनी त्यांना जुन्या काळच्या कुणा थोर चित्रकाराने काढलेल्या म्हाताऱ्याचं छापील चित्र दिलं. "आधी याची नक्कल करा. हात बसला की आपलं माणूस काढा." मऊ पेस्टलचे खडू, करडा खरखरीत कागद. आधी गडद सावल्या, मग मधले रंग. नाकाच्या शेंड्यावरचा उजेड अगदी शेवटी. चोळायचं नाही, रेघेशेजारी रेघ ठेवायची. पण बुवांचा अंगठा जन्मभर साबण चोळलेला! पहिला म्हातारा इतका गुळगुळीत झाला की मी म्हटलं, "बुवा, याची दाढी केलीत की हो!"

"गप रे भोचका."

दुसऱ्या चित्रावरची भुकटी त्यांनी फुंकली आणि म्हातारा धुक्यात गेला. पण आठव्या खेपेला त्याच्या डोळ्यांत ओल दिसली.

मग तीन आठवडे दार बंद. पलीकडून तेवढं ऐकू यायचं, "दादा, मान जरा वर... हां, अशीच."

वहिनीला बोलावलं. मी न बोलावता गेलो. ती चित्राजवळ वाकली.

"तेच हो. ओठ दाबून हसणंसुद्धा." मग थबकली. "पण भाऊजी, यांचा भांग डावीकडे होता."

"डावीकडेच काढलाय की."

"तुमच्या डावीकडे. त्यांच्या उजवीकडे आला."

"घ्या!" मी म्हणालो. "साऱ्या गावाचे भांग पाडले आणि सख्ख्या भावाचा चुकला!"

बुवा खडूने पांढरी झालेली बोटं बघत होते.

"दिवसभर आम्ही दोघंही गिऱ्हाइकांच्या मागे उभे," ते म्हणाले. "बोलायचो तेही समोरच्या आरशात बघून. मला आठवतो तो आरशातलाच."

वहिनीने चित्र अलगद त्यांच्याकडे सरकवलं. "मग हा तुमचाच. तुम्हीच ठेवा."

"तुम्हाला दुसरा काढून देतो."

आठवडाभर भिंतीपलीकडून खडूचा आवाज आला नाही. मग त्यांनी मला हाक मारली. कागद कोराच होता.

"समोरून कसा दिसायचा, आठवतच नाही रे. माणूस समोरून बघायची सवयच नाही. बस इथे. आणि बोलू नकोस."

मी बसलो. पाच मिनिटं गप्प! माझ्या बायकोला सांगितलं तर ती डॉक्टरला बोलावेल. बुवा एकटक बघत होते.

"तुझ्या हनुवटीवर खड्डा आहे होय?" ते हळूच म्हणाले. "वीस वर्षं दाढी केली तुझी."

आणि त्यांनी गडद खडू उचलला.