खांबावरून घरी एक फोन

टेलिफोन खात्यातली त्याची लाइनमनची नोकरी सायकलवर सुरू झाली तेव्हा शिडी त्याच्या खांद्यावर असायची. मग चौघांत मिळून एक गाडी आली आणि शिडी तिच्या टपावर गेली. आता गाडी एकट्याची आहे. बाकीचे तिघे निवृत्त झाले आणि त्यांचे खांब याच्या गळ्यात पडले, यालाच खात्यात बढती म्हणतात.

नियम असा, की लाइन जोडली की खांबावरूनच एक्स्चेंजमधल्या टेस्टरूमला फोन लावायचा आणि त्यांनी 'ठीक' म्हटल्यावरच उतरायचं. पण टेस्टरूमचा फोन लागला तर ती टेस्टरूम कसली! म्हणून सगळेच लाइनमन घरी फोन लावत. याचंही तीस वर्षं तेच.

"आवाज येतोय का?"

"येतोय."

झाला संसारातला संवाद.

त्या दिवशी मात्र बायको म्हणाली, "अहो, काही कळत नाहीये. विहिरीतून बोलताय का?"

त्यानं जोड सोडला, तार खरवडली, पुन्हा बांधली. तरी तेच. उतरून मास्तरांच्या घरातली जोडणी तपासली, पुन्हा चढून फोन लावला. तरी तेच. ज्यांचा फोन दुरुस्त होत होता ते मास्तर खालून कावले. "मला स्वच्छ ऐकू येतंय! उतरा आता."

"मास्तर, तुमच्या कानावर माझा भरवसा नाही. आमच्या घरच्या कानावर आहे."

तिसऱ्यांदा चढताना गुडघ्यांनी हात टेकले. पुढच्या दोन खांबांवरही तीच गत. वैतागून त्यानं गाडी घराकडे वळवली. खोट घरच्याच लाइनीत असणार.

घरचा फोन त्यानं खोलून तपासला. खणखणीत.

"पाणी दे गं."

बायको पाठमोरी भांडी घासत होती.

"अगं, पाणी!"

ती घासतच राहिली. त्यानं हातातला पेचकस हळूच खाली ठेवला.

ती वळली आणि दचकली. "कधी आलात? माझ्यामुळे पुन्हा चढावं लागलं ना?"

"एकदाच," तो मोठ्यानं म्हणाला.

"थापा नका मारू. गुडघे बघा कसे सुजलेत."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच खांबावरून त्यानं सवयीनं घरी फोन लावला. रिसीव्हर उचलला गेला, आणि हा तोंड उघडायच्या आत पलीकडून आवाज आला, "येतोय, येतोय! उतरा खाली."

"उतरतो," तो म्हणाला. ते काही तिला ऐकू गेलं नसणार.

मग शिडीवर एका पायाचा भार दुसऱ्यावर घेत त्यानं टेस्टरूमचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला.