अकरा पोती गुलाल

चन्नाप्पा अण्णांनी आमच्या तालमीचा एकही फुटबॉल सामना पाहिला नाही, आणि एकही चुकवला नाही. आत पब्लिक बोंबलत असायचं आणि अण्णा स्टेडियमच्या भिंतीबाहेर, रस्त्यावर, छत्रीची मूठ हनुवटीखाली धरून उभे. बॉल भिंतीवरून बाहेर आला की रिक्षाखाली जायच्या आत तो उचलायचा आणि आत पोचवायचा, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. सामना संपल्यावर कुणी विचारलं, "काय अण्णा, निकाल काय?" तर म्हणायचे, "दोन गेलते, दोन्ही गावले." हे बॉलांबद्दल. गोलांचं आम्ही सांगितलं की "बरं" म्हणायचे आणि छत्री काखेत मारून घरची वाट धरायचे.

अण्णा आमच्या चिंचबन तालमीचे खजिनदार. बाजारात दोर, सुतळी आणि रिकाम्या पोत्यांचं दुकान. मूळचे गडहिंग्लजकडचे लिंगायत. मराठी आमच्यासारखीच रांगडी, पण मोजायची वेळ आली की कानडीत शिरायचे. पैसे असोत, अंडी असोत, ओंदु, एरडु, मूरु. आपण काय मोजतोय ते पेठेला कळू नये असा त्यांचा हिशेब. दहा वर्षांत सगळ्या पेठेला शंभरपर्यंत कानडी यायला लागलं, ते मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी संघाचा गोलकीपर. सराव झाला की आम्हाला दूधकट्ट्यावर नेऊन म्हशीचं ताजं दूध पाजायचा खर्च तालमीचा, म्हणून अण्णा तिथंही हजर. गवळ्यानं पेला पुढं केला की म्हणायचे, "फेस बसू दे, मग बघू." फेस बसायचा, पेला पाऊण व्हायचा, गवळी शिव्या घालत वरून धार मारायचा. आम्ही अकरा जण तोवर ओठ चाटत उभे. असली शिस्त.

आम्ही ब गटात. दर वर्षी वर, अ गटात जायची वेळ यायची आणि शेवटच्या एकदोन सामन्यांत आम्ही माती खायचो. पेठेत बोलवा अशी की अण्णालाच वर जायचं नाही. कारण बैठकीत विषय निघाला की त्यांचं एकच. "वर परवडत न्हाय. वर गेलं की बाहेरचा खेळाडू आला, त्याची खोली आली, त्याचं मटण आलं." आणि बुटांना पैसे नाहीत म्हणणारा हा माणूस दर वर्षी आखाड्याच्या मातीत ताक, हळद, लिंबू, तेल घालायला मात्र खर्च टाकायचा. आखाड्यात शेवटची कुस्ती माझ्या लहानपणी झालेली. मी एकदा भर बैठकीत उठलो.

"अण्णा, कुस्ती खेळतंय कोण?"

"कोण न्हाय."

"मग माती कशाला मळताय?"

"तालीम हाय न्हवं? तालमीत माती नगं?"

"आणि आमचे बूट?"

"तू गोलकीपर. तू कुठं पळतोस?"

सगळी बैठक हसली. मला राग आला आणि तो तीन वर्षं टिकला.

मग ते वर्ष आलं. ऐन मोसमात आमचा फॉरवर्ड सर्जेराव याचा पाय मोडला. अण्णांनी कुणाला न विचारता तालमीची सगळी शिल्लक दवाखान्यात भरली. बैठकीत आरडाओरडा झाला. अण्णा म्हणाले, "पाय कुणाचा हुता? तालमीचाच की," आणि वही मिटली. त्यानंतर सर्जेरावाशिवाय आम्ही कसे कोण जाणे जिंकतच गेलो. शेवटचा सामना रविवारी. जिंकलो की अ गट. पण संघटनेचा नियम असा, की वर जाऊ पाहणाऱ्या संघानं शुक्रवारपर्यंत अनामत भरायची. नाही भरली तर जिंकूनही जागा दुसऱ्याला. तिजोरीत काही नाही, आणि पेठेत पावतीपुस्तक घेऊन फिरावं तर दोनच महिन्यांपूर्वी फिरून झालेलं.

गुरुवारी दुपारी अण्णांनी मला दुकानात बोलावलं. रिकाम्या पोत्यांची थप्पी बाजूला करायला लावली. मागं भरलेली पोती, तोंडं सुतळीनं शिवलेली, प्रत्येकावर खडूनं साल लिहिलेलं.

"काय हाय ह्यात?"

"गुलाल." आणि मोजायला लागले. ओंदुपासून हन्नोंदुपर्यंत. अकरा.

गणपती झाले की व्यापारी उरलेला गुलाल पडत्या भावात काढतात. अण्णा दर वर्षी एक पोतं घेऊन ठेवायचे. तालमीच्या नाही, स्वतःच्या खिशातून. "दर साली वाटायचं, औंदा जातोय वर. मग ऐन वक्ताला म्हाग कशाला घ्या?" बोलताना माझ्याकडं बघत नव्हते, गाठी चाचपत होते. अकरा वर्षं ज्याला आम्ही वर न जाऊ देणारा म्हणत होतो, तो पेठेतला एकटा माणूस दर वर्षी वर जायच्या तयारीत बसला होता. मला माझी लाज वाटली. तसं त्यांना सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं."

गिऱ्हाईक त्यांनी शोधलेलं होतं. शेजारच्या पेठेची तालीम, आमची जन्माची वैरी. त्यांची पुढच्या रविवारी अ गटाची फायनल होती. "गणपतीचा भाव न्हाय घेतला," अण्णा म्हणाले, "फायनलचा घेतला." हातगाडीवर पोती मी चढवली, वरून रिकामी पोती टाकून झाकली. "कुणाला बोलायचं न्हाय, दिनकर. आपला गुलाल त्यांच्या अंगावर पडणार म्हटल्यावर पोरं खेळायची न्हाईत." शुक्रवारी अनामत भरली.

रविवारी आम्ही एक-शून्यनं जिंकलो. गोल आमच्या हाफबॅकच्या पाठीला लागून झाला. त्याला तो संध्याकाळी कळला. मी हातमोज्यांसकट भिंतीबाहेर पळालो. "अण्णा, गेलो वर!"

"एक बॉल गावला," अण्णा म्हणाले. "दुसरा गटारीत बघ जरा."

मी गटारीत हात घालून बॉल काढला. वर बघतो तर अण्णा डोळे पुसत होते, छत्रीच्या कापडानं.

तेवढ्यात पेठ येऊन धडकली. हलगी आली, फटाके आले. "अण्णा, गुलाल कुठाय?"

"न्हाय."

"न्हाय म्हंजे?"

"घेतला न्हाय."

मग लोक बोलायचं ते बोलले. कंजूष म्हणाले, पनवती म्हणाले, खजिनदार बदला म्हणाले. ज्याच्या पायाला तालमीची शिल्लक गेली तो सर्जेरावही कुबडी आपटून म्हणाला, "आजच्या दिशी तरी हात सोडायचा!" मी शेजारी उभा होतो. शब्द दिला होता म्हणून गप्प बसलो असं मी मनाला सांगितलं. खरं तर त्या गर्दीपुढं तोंड उघडायचं धाडस नव्हतं.

अण्णा तालमीकडं चालायला लागले, गर्दी मागं. त्यांनी आखाड्याचं कुलूप काढलं.

"माती हाय की," म्हणाले. "एकानं एकच मूठ. ताकातली हाय, फुकट न्हाय आली."

पहिली मूठ त्यांनी माझ्या डोक्यावर टाकली. आणि मग जी उडी पडली! तांबडी माती, हळदीचा आणि आंबट ताकाचा वास, पोरं न्हाऊन निघाली. तशीच मिरवणूक काढली. शेजारची पेठ गच्चीवरून हसत होती. पुढच्या रविवारी ते जिंकले आणि आमचा गुलाल त्यांनी मनसोक्त उधळला. अण्णा दुकानाच्या फळीवर बसून बघत होते. "जुनी पोती आधी काढाय पायजे हुती," एवढंच म्हणाले.

पुढच्या साली अ गटात आम्ही सपाटून हरलो, कसेबसे टिकलो आणि खर्च दुप्पट झाला. अण्णा म्हणाले, "म्हटलं न्हवतं, परवडत न्हाय?" सांगताना खुशीत होते. ते होते तोवर आम्ही अ गट सोडला नाही.

काही वर्षांनी अण्णा गेले. लिंगायतांत जाळत नाहीत, माती देतात. आम्ही तालमीची पोरं, आता पोटं सुटलेली, आखाड्याच्या मातीची एक पाटी भरून घेऊन गेलो. तिथंच, खड्ड्याच्या काठावर, मी सगळ्यांना अकरा पोत्यांचं सांगितलं. सर्जेराव आधी पुढं झाला. मग एकेक जण पुढं झाला आणि प्रत्येकानं एकच मूठ घातली. कुणाला सांगावं लागलं नाही.

मी दोन घातल्या. अण्णा काही बोलले नाहीत.