माणूस लहान हवा

दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून सर हवेत चौकट करायचे, एक डोळा मिटायचे आणि मला म्हणायचे, "जरा मागे सरक. अजून. माणूस लहान हवा."

मी कुठल्यातरी पडक्या भिंतीशी उभा. लहान. तुम्हीही असे विद्वान पाहिले असतील. त्यांना माणूस लागतो, पण मापापुरता.

सर जपानात, सेंदाईच्या विद्यापीठात इंग्रजीतून शिकवायचे. विषय काय, तर दोनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या चित्रांमधले भग्नावशेष. मोडकं चर्च, त्यावर वेल, मागे चंद्र आणि पायथ्याशी बोटाएवढा मेंढपाळ. "त्या मेंढपाळामुळे काळ केवढा मोठा आहे ते कळतं," सर म्हणायचे. मेंढपाळाला काय कळतं ते कुणी विचारलं नसावं. हे मी मनातच म्हणायचो. मी नववीत शाळा सोडलेला आचारी. भूकंप आणि त्सुनामीनंतर माझं पहिलं हॉटेल बंद पडलं, तेव्हा दुसऱ्या मालकाशी बोलून मला चिकटवलं ते सरांनीच. ते उपकार मी विसरलेलो नाही. म्हणून तर इतके सोमवार गप्प बसलो.

"तिकडे श्रीमंत लोक बागेत मुद्दाम मोडकी भिंत बांधून घ्यायचे, ठाऊक आहे?"

"आमच्याकडे मोडकी भिंत दिसली की मुलीकडचे परत जातात, सर."

"तुला नाही कळायचं ते."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. विद्यार्थ्यांना कळायचं नाही, बायकोला कळायचं नाही, किनाऱ्यावरचा ढिगारा उपसणाऱ्यांना तर नाहीच नाही. "सगळं साफ करत सुटलेत, गाढव लेकाचे!"

त्या वर्षी मला बायको-मुलीला आणायचं होतं. इथे भाड्याच्या घराला जामीनदार लागतो. त्याच्या सहीशिवाय किल्ली नाही. तो कागद महिनाभर सरांच्या बॅगेत होता. "करतो रे. आधी सोमवारी किनाऱ्यावर जाऊन येऊ." सोमवारी हॉटेल बंद असायचं आणि गाडी मला चालवता यायची, त्यांना नाही. शेवटी एजंटने शुक्रवारची मुदत दिली.

त्या आठवड्याच्या सोमवारी एके ठिकाणी घराचं नुसतं जोतं उरलेलं दिसलं. एक म्हातारी बाई ते खराट्याने झाडत होती. तिचे गमबूट खाली कडेला, चवडे बाहेर करून, नीट जोडीने ठेवलेले.

"अप्रतिम!" म्हणत सर कॅमेरा घेऊन थेट जोत्यावर चढले.

बाई थांबली. "कुत्सु," हळूच म्हणाली. बूट.

"तिला सांग, थांबू नका. झाडत राहा."

कागद बॅगेत, बॅग सरांच्या खांद्याला.

"सर, बूट काढा."

"काय?"

"आत आलाय तुम्ही. घर आहे ते."

"अरे, कुठाय घर?"

"तुमच्या आईच्या घरात असे शिरला असतात?"

मला वाटलं, संपलं. मग सर खाली बसले आणि नाड्या सोडू लागले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. बाईने वाकून "दोझो" म्हटलं, या, बसा. सर टेकले तशी ती तोंडावर हात धरून हसली.

"काय म्हणते?"

"शेगडीवर बसलात म्हणते."

सर घाईने सरकले. तिने थर्मासमधून चहा ओतला. मग खराट्याच्या दांड्याने दाखवत गेली: इथे नवरा झोपायचा, इथे सून, इथे शिवणयंत्र. मी सांगत होतो. सर प्रत्येक जागेकडे मान वळवत होते. कॅमेरा मांडीवर तसाच.

निघताना ते बूट हातात घेऊन, नुसत्या मोज्यांवर, चिखलातून गाडीपर्यंत आले. वाटेत कागद गुडघ्यावर ठेवून सही केली. "घे." तेवढंच.

पुढच्या मार्चमध्ये सर जपान सोडून गेले. मला निरोप नाही, मीही फोन केला नाही. त्या सोमवारी विद्यापीठाच्या फाटकाशी उतरले तेच शेवटचं. बूट अजून हातातच आहेत हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. फुटपाथवर बसून ते नाड्या बांधू लागले. गाठ बसत नव्हती, मुलंमुली वळसा घालून जात होती. मी उतरायला हवं होतं. मागच्या बसने हॉर्न दिला आणि मी गाडी पुढे काढली.