पळसदरीच्या तळ्यातलं जहाज

माझं माहेर रेवदंड्याचं, वडिलांची होडी होती. नवऱ्याने समुद्र पाहिला तो सासरवाडीला येऊन, तोही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. तरी निवृत्त झाल्यावर जहाज बांधायचं त्यांनीच ठरवलं. साधी होडी नाही. जुन्या काळी नवे मुलूख शोधायला निघायची तसलं उंच शिडांचं लाकडी जहाज. टेंपोत मावेल एवढंच, पण नक्षीसकट हुबेहूब.

हा माणूस जन्मभर घाटात इंजिन चालवत होता. पुढचं नव्हे, मागचं. कर्जतला गाडीच्या शेपटाला इंजिन लावायचं, लोणावळ्यापर्यंत ढकलायचं आणि माघारी यायचं. डोळ्यांपुढे कायम शेवटचा डबा.

"एकदा सगळ्यात पुढं उभं राहायचंय गं," ते म्हणाले. मी अंगण देऊन मोकळी झाले.

मग आमच्या भिसेगावच्या घरात पापडांवर भुसा, अंथरुणात भुसा, चहावरसुद्धा भुसा. सुतार मिळाला तो दारं-खिडक्या करणारा. त्याने जहाजावरच्या खोलीला उंबरठा बसवला आणि माझ्या नवऱ्याने त्याला हळदकुंकू वाहिलं. मी येता-जाता त्यालाच ठेचकाळत होते.

फळ्यांच्या फटी बुजवायची वेळ आली तेव्हा सुताराने खिडकीच्या काचांना भरतात ती लांबी भरली आणि वरून ऑइलपेंट फासला. मी म्हटलं, फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकतात, वरून राळ लावतात.

"ते तुमच्या खाऱ्या पाण्याला. इथं गोडं पाणी हाय," सुतार म्हणाला आणि नवऱ्याने मान डोलावली. पिकतं तिथे विकत नाही, तेच खरं.

पळसदरीच्या तळ्यात जहाज उतरलं आणि लांबी ढेकळासारखी निसटली. काठावर सुट्टीला आलेली मंडळी मोबाइल धरून उभी होती. गावातल्या लोकांनी दोर लावून जहाज बाहेर ओढलं, आत नवरा गुडघाभर पाण्यात बसलेला.

घरी आल्यावर त्यांनी जहाजावर ताडपत्री टाकली. "मोडून सरपणाला घे," म्हणाले. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. एवढा भुसा खाऊन आता सरपण? कापूस मीच वळला, फटीत मीच ठोकला, राळ उकळताना स्वयंपाकघराची भिंत काळी केली. लाकूड फुगून फटी आवळाव्यात म्हणून ओली गोणपाटं पांघरली. हे सगळं करताना माझ्या तोंडाचा पट्टा अखंड चालू होता.

दुसऱ्यांदा आम्ही गर्दी नसलेल्या दिवशी गेलो. जहाज तरंगलं. पाणी थोडं झिरपलं, मग थांबलं. मी सुकाणूकडे बोट दाखवलं तसे ते थबकले. ते त्यांनीच बसवलं होतं, पण धरायला माणूस लागतो आणि तो मागेच बसतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"म्हंजे परत मागंच," ते म्हणाले.

"सरका. जा पुढे."

सुकाणू मी धरलं. वाऱ्याने शीड भरलं. ते पुढच्या टोकाला जाऊन उभे राहिले, दोर घट्ट धरून, आणि तोंड माझ्याकडे. डावीकडं घे, हळू, काठ बघ, सूचनांवर सूचना. माझा संयम सुटला.

"अहो, पुढे बघा की. एवढा पसारा कशासाठी मांडला?"

ते वळले, आणि लगेच पुन्हा माझ्याकडे फिरले.

"पुढं डबा नाय गं," ते हळूच म्हणाले. "नुसतं मोकळं हाय. भ्या वाटतंय."

मला भरून आलं. रागही गेला नव्हता. सुकाणू सोडता येत नव्हतं, नाहीतर उठून जवळ गेले असते.

"मी आहे ना मागे," मी म्हटलं. "बघा तुम्ही."

त्यांनी तोंड फिरवलं. आम्ही तळ्याच्या मध्यावर पोचलो तरी ते पुढेच बघत होते.