माधवनं सोडलेली दारू

माझा मित्र माधव गेल्याचा फोन आला तेव्हा मी इचोड्यातल्या माझ्या औषधाच्या दुकानात होतो. समोरच्या गिऱ्हाइकाला गोळ्या दिल्या, शटर ओढलं आणि आदिलाबादची बस धरली. त्याला महिना झाला. त्याच्या घरी जे कुणाशी बोलता आलं नाही, ते इथे लिहितो आहे.

माधव कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. शुद्धीत इतका हळवा माणूस मी पाहिला नाही... आणि प्यायला की बायकोवर, सुनंदावहिनींवर हात उचलायचा. त्यांचा सुजलेला गाल पाहून दारू सोडवायची पूड मीच त्यांना दिली. त्याला न सांगता वरणात कालवा, म्हणालो. त्यावर प्यायलं की उलट्या होतात. माधव दोनतीनदा मरणाचा आजारी पडला आणि दारू सुटली. मनाला बजावलं आणि सोडली, असं तो अभिमानानं सांगायचा. वहिनी आणि मी मान हलवायचो.

काही वर्षांनी एका रविवारी त्यानं मला त्याचा आवडता जुना इंग्रजी सिनेमा दाखवला. त्यावरून त्या काळी मोठं वादळ उठलं होतं म्हणे. त्यातल्या गुंडावर असा उपचार होतो, की हात उगारताच त्याला मळमळतं. मला सुरुवातीची मारहाणच बघवेना. गुंड सुधारला, लोक वाचले, मग बिघडलं काय, असं मी विचारलं. माधवनं सिनेमा थांबवला.

"अरे, सुधरला कुठं? बांधून टाकलं त्याले. वाईट वागता येत असून नाही वागला, तं माणूस. माह्याकडं पाह्य. मी सोडलीच ना?"

मला राहवलं नाही. "तू नाही सोडली, माधव. वहिनी वरणात औषध घालत होत्या."

वहिनी दारातच उभ्या होत्या. तीन महिन्यांतच बंद केलं होतं, पुढचं सगळं तुमचंच, असं त्या काकुळतीनं सांगत राहिल्या. मलाही ते तेव्हाच कळलं... त्यानं विश्वास ठेवला नाही. संध्याकाळी स्वतःचा भात स्वतः लावला. शेवटपर्यंत तो प्यायला नाही, हात उगारला नाही, आणि वहिनींच्या हातचं जेवलाही नाही.

तो सिनेमा मी नंतर एकट्यानं तीनदा पाहिला. मारहाण आता बघवते. उपचार करणाऱ्यांचे समाधानी चेहरे बघवत नाहीत.

तेराव्यानंतर वहिनींना म्हणालो, मी बोलायला नको होतं. त्या म्हणाल्या, "अन् ते औषध द्यायले पायजे होतं का, भाऊजी?" मला त्यांचा तो गाल आठवला. 

ओट्याच्या कडेला माधवचा छोटा कुकर आहे. वहिनी तो रोज घासून पालथा घालतात आणि स्वतःपुरता भात मोठ्या पातेल्यात करतात. हाच का लावत नाही, असं मी सहज विचारलं.

"त्यायले न इचारता कसा लावू, भाऊजी?"