पाहुणचार
मटणाच्या रश्शाचा वास आला की मुकुंदवाडीतली ती दुपार आठवते आणि अजून डोकं फिरतं. माझी कारवानी जातीची शिकारी कुत्री माजावर आली होती, माजाचे दिवस सरत आले होते, म्हणून लासूर स्टेशनच्या एका धनगराच्या हातापाया पडून मी त्याचा कुत्रा जोड लावायला घरी आणवला. मालकाला सतरंजी टाकेपर्यंत आईनं त्या कुत्र्याला पोटभर रस्सा-भाकरी चारली. तो लिंबाखाली आडवा झाला. कुत्री भोवती घुटमळत राहिली, त्यानं डोळासुद्धा उघडला नाय. मी चिडलो तर आई म्हणाली, “जावयाला उपाशी ठेवतेत व्हय?” संध्याकाळी मालक त्याला तसाच परत घेऊन गेला. आता असा पाहुणा यायचा असला की मी आईला आदल्या दिवशीच मावशीकडं पाठवतो. तरी जाताना ती त्याच्यासाठी डबा ठेवून जातेच.